मागच्या सीटवरचा आवाज

पुण्याकडच्या माणसाला 'हाव' म्हटलं की अधाशीपणा आठवतो. आमच्या वऱ्हाडात तो साधा होकार आहे. जेवलात का? हाव. उद्या येता का? हाव. त्यातही माझे यजमान सुगत म्हणजे हावचं दुकानच. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर असलेला हा माणूस ऑफिसात सगळ्यांना नियम दाखवतो आणि घरी आला की मी काहीही म्हटलं तरी हाव म्हणतो. आमच्या शाळेतल्या बायका म्हणायच्या, "ज्योत्स्ना मॅडम, तुमी तं नशीब काढलं." मीही मिरवून घेत असे.

गेल्या दिवाळीनंतर मला त्याच शब्दाची भीती वाटायला लागली.

एका रविवारी मी स्वयंपाकघरातून विचारलं, "वरण खारट झालं का हो?" बाहेरून उत्तर आलं, "हाव." मला शंका आली म्हणून पुन्हा विचारलं, "का अळणी आहे?" उत्तर आलं, "हाव." मी हसत बाहेर आले. सुगत माझ्याकडे पाठ करून पेपर वाचत बसले होते आणि ताटाला त्यांनी अजून हातही लावला नव्हता. मग मी दारातच उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "आपल्या घराले आग लागली."

"हाव," सुगत म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

समोर जाऊन मी म्हटलं, "एकदा कान दाखवून या." तेव्हा मात्र त्यांना झटकन समजलं. "कानाले काय धाड भरली? तूच पुटपुटतं," असं म्हणून ते जेवायला लागले.

दुसरं कोणी असतं तर मी भांडून दवाखान्यात नेलं असतं. पण आमच्या घरात कानाचं नाव काढायचं नाही, असा न सांगितलेला कायदा आहे, कारण माझे सासरे शेषराव. मी त्यांना फोटोतच पाहिलं. ऐन उमेदीत त्यांचे कान गेले आणि त्यांनी ते कोणाला कळू दिलं नाही. सासूबाईंनी, दुर्गाबाईंनी, हे सगळं मला एकदाच सांगितलं होतं. "मले शंका आली होती. एक दिवस त्याईच्या पाठीमांगं पितळी गंज, पाण्याचं मोठं भांडं, आपटून पाह्यला. मान वयवली नाई त्याईनं. म्या गंज उचलून ठेवला अन् चूप बसली." पुढे अंजनगाव सुर्जीच्या बाजारात कापसाचा ट्रक मागे येत होता. लोक ओरडत होते, "काका, बाजूले सरा!" सासऱ्यांना वाटलं, कोणी ओळखीचं हाक मारतंय. त्यांनी हात वर केला, "हाव" म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

तेव्हा सुगत शाळकरी पोर होते. ते आता बापाच्याच वयाला आले आहेत.

अशात त्यांची अकोल्याला बदली झाली. माझी शाळा अमरावतीत, सासूबाईंचे, म्हणजे आमच्या आईंचे, डॉक्टर अमरावतीत, म्हणून घर इथेच ठेवायचं आणि सुगतनी रोज अपडाऊन करायचं ठरलं. मी म्हटलं, रेल्वेनं जा, अर्धं ऑफिस तसंच जातं. पण सुगतच्या डोक्यात गाडी बसली होती, आणि तीही साधी नाही. आमची जुनी छोटी गाडी खडखडते, तिच्यात डोकं उठतं, आता चांगली सेडान घ्यायची, जमलं तर फ्लॅगशिप. हा शब्द त्यांनी मोबाइलवर पाहून पाहून पाठ केला होता. रोजचा हायवे, मागेपुढे ट्रक आणि गाडी चालवणारा हा माणूस, असं सगळं डोळ्यांपुढे आलं की मला रात्रीची झोप लागेना. तरीही मी बोलले नाही. बोलले तर ते खरं होईल, अशी मला भीती वाटत होती.

एका शनिवारी आम्ही तिघं बडनेरा रोडवरच्या शोरूममध्ये गेलो. तिथल्या रागिणी नावाच्या मुलीनं आम्हाला चहा पाजला आणि गाडीचे गुण गायला सुरुवात केली.

"सर, फ्लॅगशिप म्हणजे कंपनीची सगळ्यात मानाची गाडी. वर उघडणारं काचेचं छप्पर, पाठीले मसाज देणाऱ्या सीटा, सगळं तिच्यात येते."

"मालिश कराले गाडी काहून घ्या लागते?" आईंनी विचारलं. "ज्या गाडीतून मले कोनाचा हात न धरता उतरता येईन, थे मोठी गाडी. बाकी सारा देखावा."

"मी सांगते," मी म्हटलं. "जी आपल्या आवारात मावते ती."

सुगत रागिणीच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. मला वाटलं, पोरीकडे काय असे बघतात! मग लक्षात आलं की ते तिच्या ओठांकडे पाहतायत. आमच्या दोघींची थट्टा त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

"मायं मत ऐका," ते म्हणाले. "मसाज, छप्पर काई नाई. जिच्यात मांगं बसलेल्याचं बोलणं सामोरच्याले ऐकू येते, थे फ्लॅगशिप."

रागिणी म्हणाली, "वा सर, हे आमच्या ट्रेनिंगमध्येबी नाई सांगितलं."

आईंनी कप खाली ठेवला. त्यांचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिथेच राहिला.

त्या गाडीची चक्कर आम्ही बडनेऱ्याच्या बाजूला मारली. जाताना सगळं ठीक झालं. परत फिरताना सुगत गाडी मागे घेऊ लागले. मागे संत्र्यांची हातगाडी उभी होती. गाडीतल्या सेन्सरनं टीटी सुरू केलं, मग जोरात, मग न थांबता. सुगत आरामात मागे येत राहिले. हातगाडीवाला दोन्ही हात हलवत होता. रागिणी ओरडली, "बस, सर! बस, बस, बस!" मी मागून त्यांच्या खांद्यावर थाप मारली तेव्हा कुठे ब्रेक लागला. दोन संत्री घरंगळत आमच्या चाकाखाली आली.

"ब्रेक पाहून राह्यलो होतो," सुगत हसत म्हणाले. त्यांच्या कानामागे घाम आला होता. "गाडी ठीक हाये. पण फ्लॅगशिप नाई. अकोल्यात हिच्याहून मोठी हाये म्हनते, ते पाहू."

घरी आल्यावर आईंनी मला गच्चीवर गाठलं. वाळत घातलेल्या मिरच्या उगाच खालीवर करत त्या म्हणाल्या, "सूनबाई, तुले काई वाटते का?"

मला तेव्हाच हो म्हणायचं होतं. मी म्हटलं, "कशाबद्दल, आई?"

"काई नाई," त्या म्हणाल्या. "अकोल्याले मी बी येतो."

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही अकोल्याच्या शोरूममध्ये होतो. तिथली गाडी खरोखर राजेशाही होती. लांबलचक, काळीभोर, दार लावलं की उशीवर डोकं टेकावं तेवढाच आवाज. विकणारा नितेश नावाचा तरुण बोलण्यात पटाईत होता. तो पुढे सुगतच्या शेजारी बसला, आई सुगतच्या मागे, मी नितेशच्या मागे. निघताना आईंनी डोळे मिटून "नमो बुद्धाय" म्हटलं. नितेशला वाटलं, आजींना गाडी आवडली.

बोरगाव मंजूकडच्या हायवेला लागल्यावर सुगतनी वेग घेतला. खरं सांगायचं तर गाडी छान होती. सगळ्या काचा बंद असताना बाहेरचे ट्रक नुसते तोंड हलवत गेल्यासारखे जात होते. नितेश सांगत होता, "सर, काच दुहेरी आहे, आवाज बाहेरच्या बाहेर." सुगत मान डोलवत होते. मी डोळे रस्त्यावर लावून बसले होते. पुढचा ट्रक, मागचा ट्रक, डावीकडून सुसाट येणारे मोटारसायकलवाले, सगळ्यांवर मीच नजर ठेवत होते, आणि पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबत होता.

तेवढ्यात आईंनी त्यांच्या बाजूचं बटण दाबलं. काच सरसर खाली गेली.

वारा असा घुसला की माझा पदर तोंडावर आला. ट्रकचे भोंगे, टायरांची घरघर, कुठल्याशा ट्रॅक्टरवरचं डीजेचं गाणं, सगळं एकदम आत आलं. नितेशनं दोन्ही कानांवर हात ठेवले. मला वाटलं, आईंना एसीची थंडी वाजली असेल. पण त्या बाहेर बघत नव्हत्या. सुगतच्या मानेकडे बघत होत्या.

सुगतनी समाधानानं एक श्वास घेतला. "पाहा," ते म्हणाले. "याले म्हनते फ्लॅगशिप. टाचणी पडली तरी ऐकू येईन."

नितेश मोठ्यानं हसला. त्याला वाटलं, सरांनी विनोद केला. मागे वळून त्याने आमच्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू तिथेच थांबलं.

आई माझ्याकडे झुकल्या. "मुद्दाम उघडली म्या," त्या मला म्हणाल्या. वाऱ्यात मला ते जेमतेम ऐकू आलं. "गंज नाई पाडता येत ना गाडीत."

मी "सुगत!" म्हणून हाक मारली. पुन्हा मारली. लग्नानंतर मी त्यांना नावानं अशी किंचाळून कधी हाक मारली नव्हती. ते रस्त्याकडे पाहत गाडी उजवीकडे घेऊ लागले. उजवीकडून एक लांब ट्रेलर मागून येत होता. त्याचा भोंगा आमच्या उघड्या खिडकीतून छातीत घुसत होता, गाडीतला धोक्याचा आवाज टिंगटिंग करत होता, आणि या सगळ्या आवाजाच्या मधोमध बसलेला माझा माणूस शांतपणे स्टिअरिंग वळवत होता. मला सासऱ्यांचा वर केलेला हात दिसला. मी कधी न पाहिलेला हात.

नितेशनं स्टिअरिंगला झडप घातली. गाडी डावीकडे हिसकली. ट्रेलर आमच्या आरशाजवळून धडधडत निघून गेला आणि त्याच्या वाऱ्यानं आमची एवढी मोठी गाडी हलली.

"सर!" नितेश ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "एवढा हॉर्न मारून राह्यला तो, ऐकला नाई का?"

"हाव," सुगत म्हणाले.

मी पुढे वाकून त्यांचा खांदा धरला आणि बाजूला बोट दाखवलं. त्यांनी आरशात माझा चेहरा पाहिला. काय पाहिलं कोण जाणे, पण गाडीचा वेग उतरला, ती रस्त्याच्या कडेला गेली आणि बंद पडलेल्या एका रसवंतीसमोर थांबली. नितेश खाली उतरला आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा राहिला. आईंनी बटण दाबलं. काच वर गेली.

मी दोन्ही सीटांच्या मधून पुढे सरकले, यांच्या अगदी तोंडासमोर तोंड नेलं आणि विचारलं, "तुमाले ऐकू येत नाई ना?"

ते माझ्या ओठांकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता हसतील, म्हणतील तूच पुटपुटतं. त्यांची हनुवटी हलली.

"हाव," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत मी तो शब्द हजारदा ऐकला असेल. हा एकच असा होता की तो म्हणताना त्यांना लाज वाटली आणि भीतीही वाटली.

"मले वाटलं, जुन्या गाडीच्या खडखडीनं होते," ते म्हणाले. स्टिअरिंगवरचे हात त्यांनी मांडीवर घेतले होते. "तुमी दोघी मांगं बसून बोलता, हसता, अन् मले नुसती गुणगुण येते. मले वाटलं, बिनआवाजाची गाडी घेतली तं तुमचं बोलणं येईन ऐकू. म्हणून तं हिंडून राह्यलो होतो. आज गाडीत बसलो अन् पाह्यलं तं गुणगुणबी नाई. मी म्हटलं, गाडीच चांगली हाये."

आईंनी मागून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "बापू," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनाही कळलं असावं की ते ऐकू जाणार नाही, कारण पुढचं त्या हातानंच बोलत होत्या.

मला रडू आवरेना. मी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर ट्रक जात होते, एकामागून एक, आणि आत काही ऐकू येत नव्हतं. यांना रोज असंच असतं का, बाहेर सगळं चाललेलं आणि आत काही नाही? मी काचेकडे बघतच विचारलं, "कधीपासून?"

"हाव," सुगत म्हणाले.

मी पदरानं डोळे पुसले, तोंड यांच्याकडे वळवलं आणि पुन्हा विचारलं, "कधीपासून?"