दिव्याच्या अवसेचं वांगं

किमयाने गणपतीच्या डाव्या डोळ्याची शेवटची रेघ ओढली आणि धरलेला श्वास सोडला. उजवा डोळा आधीच झाला होता. एक डोळा काढून मूर्ती झाकायची नाही, हे हमरापूरच्या कारखान्यांत सगळेच पाळतात. मालक रघूशेठ जुन्या साड्यांचा गठ्ठा घेऊन तिच्यामागे उभाच होता.

"झालं काय गो? बाकीची माणसं निघाली कधीच."

"झालं."

त्याने मूर्तीवर साडी पांघरली. वेध पहाटेच लागले होते, पण ऑर्डरी तुंबलेल्या असल्याने रघूशेठने ते मानले नव्हते. चंद्रग्रहण मात्र दुपारी साडेतीनला लागणार होतं आणि त्याच्याशी खेळ नव्हता. म्हणून आज दहालाच काम बंद. बघता बघता ओळीने उभे असलेले सगळे गणपती फुलाफुलांच्या, विटलेल्या साड्यांखाली गेले.

किमयाने कुंचला धुतला. रंगाने माखलेला मास्क काढून तिने पिशवीतला इस्त्री केलेला मास्क लावला. रंगकामात सगळ्याच जणी तोंडाला फडकी बांधायच्या, कारखान्यात तिला त्याचंच सुख होतं. वरच्या ओठापासून नाकपुडीपर्यंत गेलेली तिची फट ती चार वर्षांची असताना एका शिबिरात शिवली होती. शिवण राहिली, ओठ वर ओढलेला राहिला, नाक एका अंगाला बसलं. गिऱ्हाईक आलं की रघूशेठ काही न बोलता मागच्या खोलीचा पडदा सरकवायचा. डोळे कोण काढतं असं कुणी कौतुकाने विचारलंच तर म्हणायचा, घरच्याच मुली आहेत.

रोह्याला खतांच्या एका व्यापाऱ्याकडे फोनवर ऑर्डरी घ्यायला मुलगी हवी होती. गणपती गेले की कारखाना महिनोन्‌महिने थंड पडायचा. ती नोकरी बारा महिन्यांची होती. पेणमध्ये दोन दुकानांतून किमया परत आली होती, पण ती समोरासमोरची कामं होती. हे फोनचं. तिथला मॅनेजर दोनदा तिच्याशी बोलला होता, आवाज छान स्पष्ट आहे म्हणाला होता, आता सोयीच्या दिवशी येऊन फक्त भेटून जा म्हणाला होता. ग्रहणामुळे कारखाना लवकर बंद होणार म्हणून आजचा दिवस तिनेच सांगितला. घरी हे कळलं तेव्हा आईने, हौसाने, भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं आणि दुसरा दिवस नाय मिळाला काय, एवढंच विचारलं. सकाळी मात्र तिने कागदांच्या पिशवीत तुळशीचं पान ठेवलं होतं.

रोह्याची एस.टी. जवळजवळ रिकामी होती.

मॅनेजर साधा, अदबशीर माणूस होता. त्याने तिला पंख्याखाली बसवलं, पाणी मागवलं, बी.कॉम.चे मार्क पाहून मान डोलावली. पलीकडच्या टेबलाशी नम्रता नावाची क्लार्क होती, पोट दिसू लागलेली. तिनेच किमयाला कामाच्या वेळा सांगितल्या, डबा इथेच सगळ्या मिळून खातो म्हणाली, हेडफोन कुठे लावायचा तेही दाखवलं. किमयाने तो कानाला लावूनही पाहिला.

"मास्क जरा काढता?" मॅनेजर म्हणाला. "आधारशी फोटो जुळवावा लागतो."

किमयाने मास्क काढला.

त्याने फोटो जुळवला नाही. मघाशी वाचून झालेली मार्कशीट त्याने पुन्हा उचलली आणि वरपासून वाचायला लागला. नम्रताने टेबलावरची फाइल उचलून पोटाशी धरली, खुर्ची हळूच फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं. धूळ उडाली की बाई खिडकी लावून घेते, तसं. त्यात राग नव्हता.

"आजच का आलात तुम्ही?" त्याने विचारलं.

"सोयीचा दिवस सांगा म्हणालात."

"हो, ते खरंय." तो थोडा वेळ कागद सारखे करत राहिला. मग काम फोनचं असलं तरी कधी कधी काउंटरवर बसावं लागतं, गिऱ्हाईक गावाकडचं असतं, असं बरंच बोलला. शेवटी, फोन करतो म्हणाला. आवाजाबद्दल तो या वेळी काही बोलला नाही.

किमयाने मास्क लावला. ती दारात पोचली तेव्हा नम्रता भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. पहिलंच आहे माझं."

स्टँडच्या वाटेवर एक भाजीवाली ग्रहणाआधी माल संपवायच्या घाईत होती. तिच्यापुढे जांभळी, काटेरी देठांची वांगी होती. किमया थांबली.

त्यांच्या घरात सव्वीस वर्षांत वांगं आलं नव्हतं. किमया पोटात असताना दिव्याच्या अवसेला सूर्यग्रहण लागलं होतं आणि त्या वेळात हौसाने विळीवर वांगं चिरलं होतं. पोर झाली, ओठ फाटलेला. किमया नऊ वर्षांची असताना आजी सीताबाईने तिला हे सांगितलं, शेजारणींच्या देखत. आईच्या संकष्ट्या, मंगळवार, सोडलेलं वांगं, सगळ्यामागचं कारण तिला तेव्हा कळलं. आईला ती कधी काही बोलली नाही. आरशासमोर उभी राहिली की मात्र तिला आधी ते वांगं दिसायचं.

तिने अर्धा किलो घेतली.

ती आपल्या गावी, जोह्याला पोचली तेव्हा सहा वाजून गेले होते. हौसा घराच्या ओटीवर दाराला टेकून बसली होती. दार लोटलेलं. शेजारी सुपात विळी, सुरी, कात्री, सुयांची डबी, घरातली सगळी धार तिने बाहेर काढून ठेवली होती. आत सून मृणाली होती, सहावा महिना. खिडक्यांना चादरी लावून तिला साडेतीनपासून खाटेवर बसवलं होतं.

किमया चपला काढून दाराकडे वळली. हौसा उठली नाही, पण तिचा हात चौकटीवर गेला.

"बस हितंच जरा," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "सुटलं की जा आत. तिच्यासमोर नको आज."

किमया उभीच राहिली. मग पायरीवर बसली.

"नोकरीचं काय म्हणाले?"

"फोन करतील."

 किमयाने पिशवी उलटी केली. वांगी ओटीवर गडगडली, एक हौसाच्या पावलाला लागून थांबलं.

"एवढ्याशा वांग्यासाठी, आई," किमया म्हणाली. तिचा आवाज फोनवर असतो तसाच होता, स्पष्ट. "तीन तास राहवलं नाय तुला?"

हौसाने ते वांगं उचललं. पदराने त्याची माती पुसली. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

"मी नव्हतं कापलं."

किमयाने मान वळवली.

"मी आत बसलेले, मृणाली बसलीय तिथंच. गोधडी लावलेली खिडकीला. पाणीपण नव्हतं घेतलं सकाळपासनं. हात मांडीवर, असे." तिने हात दाखवले. "तू झालीस. तुझ्या आजीनं तोंड बघितलं आणि मला विचारलं, काय कापलंस? नाय म्हणाले असते तर तुझ्यावर आलं असतं. मागल्या जन्माचं घेऊन आली म्हणाली असती. तशा पोरीला नीट दूध तरी कोण पाजू देतंय? मी कापलं म्हटलं, म्हणजे माझ्यावर राह्यलं."

"वांगंच का?"

"त्या दिवशी टोपलीत तेवढंच होतं."

गल्लीत कुणीच नव्हतं. किमयाचा हात नकळत ओठावर गेला होता, मास्कवरूनच.

"आणि उपास?"

"ते खरे हायत," हौसा म्हणाली. "वांग्यासाठी नाय केले. खोटं बोलले त्यासाठी."

"मग वहिनीला कशाला बसवलंस? तुला तर ठावं हाय."

 वांग्याचा एक काटा हौसाच्या बोटात गेला होता, तो ती नखाने काढत होती.

"मला दुसरं काय येतंय गो," ती म्हणाली.

डोंगरामागून चंद्र वर आला, तांबूस, एका कडेला कुरतडलेला. दोघींनी पाहिला. थोड्या वेळाने देवळातली घंटा वाजली, आणि कुणीतरी सुटलं, सुटलं म्हणत नळावर हंडा लावला.

आतून मृणालीचा आवाज आला. अभ्यास पुरा केलेल्या मुलीसारखा, खुशीतला.

"आई, सुटलं ना? मी काय्‌पण हातात धरलं नाय हं. केसांचा चापपण नाय. हललेसुद्धा नाय."

हौसाचा हात थांबला.

किमया उठली. आईच्या बाजूने जाऊन तिने दाराच्या कडीला हात लावला, पण दार ढकललं नाही.

"वहिनी."

"ओ?"

"ते कुणाला सांगू नकोस."

"काय ते?"

"काय कापलं नाय ते. पोरावर कुणी बोट ठेवलं, तर कापलं म्हणता येईल."

 आत खाट करकरली. किमयाच्या मागे, सुपाजवळ, विळी उघडल्याचा आवाज झाला.