खालची खोली

नव्या घराचा खड्डा खणून झाला तेव्हा थोरलीला कळलं, की आपली खोली त्या खड्ड्यात आहे.

कुणी तिला आई म्हणे, कुणी मावशी, पण गल्लीच्या तोंडी ती थोरलीच, आणि गल्ली तिला वचकूनही होती. जुनं घर पाडून त्याच जागी नवं उभं राहत होतं. नकाशा सूनबाईने आपल्या मनासारखा काढून घेतला होता. मुलाने त्यावर मान हलवली होती. मान हलवणं हेच त्याचं संसारातलं मुख्य काम.

"तुमची खोली खाली, आई," सूनबाई कौतुकाने दाखवत म्हणाली. "सगळ्यांत मोठी. थंडीत ऊब, उन्हाळ्यात गारवा."

"खाली म्हणजे?"

"तळघरात."

थोरलीने हातातली पिशवी जमिनीवर ठेवली. "आमच्याकडे तळघरात कांदे ठेवतात. नाहीतर मोडक्या खुर्च्या. मी यातली कोण?"

मिस्त्रीला नेमका तेव्हाच खोकला आला.

सूनबाईचा चेहरा उतरला. "आमच्या माहेरी खालची खोली मानाची असते. माझी आजी राहायची तिथे. तिला विचारल्याशिवाय घरातलं पान हलत नसे."

"राहत असेल. मला जमिनीखाली न्यायचं तर चौघांनी उचलून न्या. मी माझ्या पायांनी राहायला जायची नाही."

"आई, काँक्रीटची गाडी निघालीय," मुलगा काकुळतीला आला. "आता नकाशा कसा बदलणार?"

"नकाशा कागदाचा आहे आणि मी हाडामांसाची. कोणाला बदलणं सोपं जाईल ते तूच बघ."

एवढं बोलून तिने पदर खोचला आणि शिडीवरून खड्ड्यात उतरायला लागली.

"मावशी, पडाल!" मिस्त्री धावला.

"पडले तर खोली पसंत नाही असं समज."

खाली पोचल्यावर तिने एक घमेलं पालथं घातलं आणि त्यावर ऐसपैस बसली. "सूनबाई, ये खाली. माझी मानाची खोली बघायला पहिली पाहुणी तू."

सूनबाई रागातच उतरली. खाली ओल्या मातीचा वास कोंडला होता. भिंतीला हात लावला तर तळवा चिकट झाला. वर बघितलं तर खड्ड्याच्या मापाचं आभाळ, आणि त्याच्या काठावर नवऱ्याचं डोकं.

"तुझ्या आजीला बसल्या जागेवरून काय दिसायचं गं?"

"दार उघडलं की अंगण. त्याखाली ओढा. पायवाट चढून कुणी आलं की आधी तिलाच दिसायचं, मग ती हाक मारून..." सूनबाई बोलता बोलता थांबली.

तिचं माहेर डोंगरउतारावर. तिकडचं घर पाठीने डोंगराला टेकतं. रस्त्यावरून शिरलं की माणूस वरच्या मजल्यावर येतो, आणि खालचा मजला पलीकडच्या अंगाने सरळ उन्हात उघडतो. इथली जमीन मात्र तव्यासारखी सपाट. पोरीने घर तर उचलून आणलं, पण उतार तिकडेच राहिला.

तिचे डोळे भरले. "मी तुम्हाला अडगळीत टाकत नव्हते, आई. माझ्याकडचं सगळ्यांत चांगलं होतं ते दिलं."

"कळलं मला," थोरलीचा आवाज जरा खाली आला. "मान घेतला. खोली परत घे."

"मग तुम्ही कुठे?"

"रस्त्याकडच्या खोलीत."

"तिथे यांचं ऑफिस आहे."

"त्याने बसावं इथे. नाहीतरी त्याला भेटायला येतं कोण?"

"आई, ऐकू येतंय मला," वरून मुलगा म्हणाला. "ती खोली एवढीशी आहे. तुझी खाट मावायची नाही."

"मग मोठी कर. तिकडचा पाया अजून खणला नाहीस. मार चुन्याची नवी फक्की."

"तू वर तर ये, बोलू आपण."

"वर आले की नुसतं बोलणंच होईल."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडीचा भोंगा वाजला. "ओतू नका रे!" मिस्त्री ओरडत पळाला. "खाली मावशी बसल्यात!"

थोरलीने सुनेला कोपराने ढोसलं. "जा वर. तो मान हलवेल आणि रेघ होती तिथेच ठेवेल. तू असलीस की मला घोर नाही."

सूनबाईने डोळे पुसले आणि तरातरा शिडी चढली. नवऱ्याच्या हातातून फक्कीची पाटी घेतली. जुनी पांढरी रेघ चपलेने पुसल्याचा आवाज खाली ऐकू आला.

"आई, खिडकी रस्त्याकडे घेऊ की अंगणाकडे?"

"दोन्हीकडे!"

"एवढ्याशा खोलीत दोन खिडक्या? भिंती कमजोर पडतील," परत आलेला मिस्त्री कुरकुरला.

"मग जाड बांधा," सूनबाई म्हणाली. "आणि खिडक्या खालीच घ्या, मिस्त्री. बसल्या बसल्या बाहेरचं दिसलं पाहिजे. टाचा उंचावून नाही बघायचंय त्यांनी."

मुलाने मान हलवली.

भोंगा पुन्हा वाजला, या खेपेला लांबलचक.

"झाली का गं चारी बाजूंची रेघ?" थोरलीने खालून विचारलं.

"एक बाजू राहिलीय, आई."

"मग त्या गाडीवाल्याला म्हणावं, थांब जरा," थोरली म्हणाली आणि घमेल्यावर मांडी घालून बसली.