पालथ्या नावेच्या चिरा

आमची नाव कुनी फोडली हे मला बघताक्षनी कळलं. छगननं. दुसरं कोन आसनार?

मोठ्या पुरानंतर पंचायतीला फायबरची नाव मिळालेली. गोदावरीच्या पल्याड कोपरगावची वाट, म्हनून नाव चालवायचं काम आमच्या मालकांकडं. गावात रंगनाथ म्हनत्यात त्यान्ला. घरटी धान्य यायचं, त्याच्यावर आमची चूल पेटायची. शेजारचा छगन त्यांच्या हाताखाली वल्हं मारायचा. बहात्तरच्या दुष्काळात नदीचं वाळवंट झालं, तवा नाव आमच्या गोठ्यामागं पालथी घातली, वर उसाचं पाचट टाकलं. मी लेकरं घिऊन पारनेरला माहेरी गेले, पाझर तलावाच्या कामावर. मालक म्हशीपाशी ऱ्हायले.

दुष्काळ सरला. आता नदीला पानी येनार म्हनून पाचट काढलं, नाव उलटवली, तर बुडाला दोन आडव्या चिरा. बोट जाईल एवढ्या रुंद.

सरपंच आप्पासाहेब आले, वाकून बघितलं अन् म्हनाले, "रंगनाथ, नाव तुझ्या ताब्यात हुती. हयगय तुझी निघाली तर नाव छगनकडं जाईल."

आता बगा! फायदा कुनाचा? एवढं कळायला शाळा शिकावी लागती व्हय? त्यातनं छगन लगीच खाली मान घालून निघून गेला. रोज सकाळी "वहिनी, चहा ठेवा" म्हनत येनारा मानूस, दुसऱ्या दिसापासनं आमच्या दाराला फिरकला न्हाई. चोराच्या मनात चांदनं, दुसरं काय!

मी मालकांना म्हनले, "अवो, जाब इचारा की त्याला."

"जाऊ दे गं," म्हनाले, अन् तंबाखू मळत बसले.

"तो तुमच्या डोक्यावर मिरं वाटील, तरी तुमी जाऊ देच म्हना!" मला आसा संताप आला, की भाकरी थापता थापता मोडली.

नाव दुरुस्त करायला भिंगारवरनं रविकांत मिस्त्री आला. लष्कराच्या कारखान्यात काम केलेला मानूस. चिरांच्या कडा घासून काढायच्या, काचेच्या धाग्याचं कापड लावायचं, त्याच्यावर उग्र वासाचं औशिद चोपडायचं, वाळलं की पुन्हा दुसरा थर. मी समोरच बसून ऱ्हायले. एक डोळा त्याच्या हातावर, दुसरा छगनच्या दारावर.

"मावशी," मिस्त्री म्हनाला, "बाहेरून मार नाहीये. नाव दोन दगडांवर उताणी ठेवली असणार, आणि आत भरपूर वजन. आणि आत ही पांढुरकी रेघ बघा, सगळीकडे सारख्या उंचीवर..."

मी कशाला रेघ बघतीय! "वजन? मेल्यानं धोंडं भरलं आसतील आत!" म्हनले, अन् तडक आप्पासाहेबांकडं गेले. ऐतवारी खंडोबाच्या देवळात छगननं बेलभंडारा उचलायचा. नाव म्या फोडली न्हाई, आसं देवाम्होरं म्हनायचं. खोटं बोलनाऱ्याला खंडोबा सोडत न्हाई.

ऐतवारी सगळं गाव जमलं. ताटात बेल अन् भंडारा. आप्पासाहेब म्हनाले, "छगन, उचल."

छगन हात पाठीमागं बांधून हुबा.

"बगा! बगा, हात उचलंना!" मी वरडले.

"थांब मुक्ताबाई," आप्पासाहेब म्हनाले. "नाव ज्याच्या ताब्यात, त्यानंबी उचलावा. रंगनाथ, हो म्होरं."

"जावा की," मी मालकांना ढकललं. "आपल्याला कसलं भ्याव?"

मालक जागचे हलंनात.

"अवो..."

"नावंत पानी भरत हुतो मी," मालक खाली बघत म्हनाले. "म्हशीसाठी. हौद तडकला हुता. वाळवंटात झिरा खांदला, डब्यानं पानी वाह्यलं, दगडावर नाव ठिवून काठोकाठ भरली. एक दिस मधनंच खचली. मग पुन्हा पालथी घातली. हिला सांगायची छाती झाली न्हाई."

"पानी म्याबी वाह्यलं, माझी बैलंबी त्यातच पीत हुती," छगन म्हनाला. "म्हनून म्या हात उचलला न्हाई. दादा एकटा कसा दोषी? अन् नाव मला नगं, आप्पासाहेब."

देवळात सगळे माझ्याकडं बघायला लागले. म्हैस जगली म्हनून मी मढीला जाऊन कानिफनाथाला मलिदा वाह्यला हुता. नाथाची कृपा, नाथाची कृपा, आसं गावभर सांगत फिरले हुते. अन् आज सकाळी त्याच म्हशीच्या दुधाचा चहा पिऊन छगनला चोर ठरवायला आले हुते. धरनी दुभंगावी आसं वाटलं.

"मुक्ताबाई, आता काय म्हनतीस?" आप्पासाहेबांनी इचारलं.

म्या चिमूटभर भंडारा उचलला अन् छगनच्या कपाळाला लावला.

"नाव छगन भावजींना द्या. तुमचा शबुद हाय तसा. आमचे हे वल्हं मारतील."

बाहेर आल्यावर छगन माझ्या मागं मागं चालत हुता. म्हनाला, "वहिनी, उद्या चहाला येऊ का?"

मला वर बघवंना. "या भावजी," म्हनले. "दूध तुमच्याच पान्याचं हाय."