पिठल्याची पंगत

कुत्र्याचं नाव इराने सनी ठरवलं होतं. पण परदेशात, पुंगोलच्या त्या फ्लॅटमध्ये तो पहिल्यांदा आला, अंग चोरून स्वयंपाकघराच्या दारात बसला, आणि इराच्या आजीने, संजीवनीबाईंनी, त्याचा रंग पाहिला.

"अगंबाई, हे तर कढईतलं पिठलं!"

झालं, तो पिठल्या झाला. सनी म्हटलं की ढिम्म हलत नसे, पिठल्या म्हटलं की कान टवकारी. टवकारायला कान तरी दीडच होते. उरलेला अर्धा कुठल्याशा जुन्या भांडणात गेला होता.

पिठल्या घरात आला होता, पण घरचा झाला नव्हता. भटकी कुत्री सांभाळणाऱ्या एका संस्थेने तो आधी बोलीवर दिला होता. रविवारी संस्थेच्या मिस लिम येणार, शेजारच्या कुत्र्यांमध्ये तो कसा वागतो ते बघणार आणि मग ठरवणार. जमलं तर कायमचा इथे, नाही तर परत जाळीच्या खोलीत. दहा वर्षांची इरा रात्री त्याच्याजवळच सतरंजी टाकून झोपू लागली होती.

मिस लिमनी सगळं नीट समजावलं होतं. इराने ते आजीला मराठीत सांगितलं. "आजी, दुसऱ्या डॉग्जना एकदम समोर नाही आणायचं. लांबून, एका साइडला चालवायचं. अँड नो फूड, ओके? मधे फूड नाही."

संजीवनीबाईंनी मान डोलावली. पण मनात म्हणाल्या, खाण्याशिवाय कुठे ओळख होते का?

त्यांचंही बरोबरच होतं. उभी हयात त्यांनी कराडला कॉलेजच्या मुलांची खानावळ चालवली. नवऱ्याच्या मागेही चालवली. रुसलेला, चिडलेला, घरच्या आठवणीने रडवेला झालेला, कसलाही मुलगा येवो, ताटात गरम पोळी पडली की माणसात यायचा. मग कुत्रं ते काय वेगळं?

म्हणून सोमवारी संध्याकाळी, इरा ट्यूशनला गेलेली बघून, त्यांनी बेत केला. पोळ्या कुस्करल्या, वर साजूक तूप सोडलं, स्टीलच्या तीन ताटल्या भरल्या आणि इमारतीखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकवर नेऊन ठेवल्या. गोल, तोंडाला तोंड. मग नेहमी कुत्री फिरवणाऱ्या दोघांना हाताने खुणा करून बोलावलं. वरच्या मजल्यावरच्या कोह आंटी आल्या. त्यांच्या कडेवर बोबो, डोक्याला गुलाबी रिबीन बांधलेला झिपऱ्या शित्झू. आणि कोणाशी फारसं न बोलणारे अंकल ओंग आले, आपला दाढीवाला श्नाउझर घेऊन.

"या, या! ईट, ईट!" संजीवनीबाई म्हणाल्या.

बोबो लाडावलेला. स्वतःची ताटली सोडून तो थेट पिठल्याच्या ताटलीकडे गेला. पुढे काय झालं ते कोणाला धड दिसलंही नाही. एक गुरगुर, एक किंचाळी, ताटल्यांचा खणखणाट. बोबो कोह आंटींच्या छातीशी लटलट कापत होता आणि रिबीन पिठल्याच्या दातांत होती. रक्त नव्हतं, नशीब.

"वाऽ, सो फिअर्स आह!" कोह आंटी ओरडल्या. "नो गुड, आंटी! नो गुड!"

नेमकी त्याच वेळी दप्तर पाठीला लावून इरा आली. तिने ताटल्या पाहिल्या, तूप पाहिलं, रिबीन पाहिली.

"आजी! आय टोल्ड यू नो फूड!" एवढंच म्हणाली, आणि पिठल्याला घेऊन लिफ्टमध्ये शिरली. त्यानंतर ती आजीशी बोलेना.

रात्री इराचा बाबा शैलेंद्र म्हणाला, "आई, कोह आंटी नको म्हणाल्या तर संपलंच गं. मिस लिम त्यांनाही विचारणार आहेत."

"मी त्याचं वाईट करायला गेले होते का रे?"

"नाही गं. पण इराला आता काय सांगू मी?"

दुसऱ्या दिवशी संजीवनीबाई पोळ्या लाटत होत्या. पिठल्या पायाशी होता. इरा जेवून शाळेला गेली होती. लाटता लाटता त्यांना खानावळीतले दोन मुलगे आठवले. एकाच गावचे, पण बांधाच्या भांडणामुळे एकमेकांचं नाव घेत नसत. बाईंनी त्यांचे पाट मुद्दाम शेजारी मांडले होते. कोणी कोणाकडे बघायचं नाही, दोघांची तोंडं भिंतीकडे. काही दिवसांनी एकाने मिठाची वाटी दुसऱ्याकडे सरकवली, आणि भांडण तिथेच विरलं. मग नवऱ्याने हौसेने टेबलं आणली. मुलं समोरासमोर बसू लागली. आणि काय सांगावं, त्या वर्षी खानावळीत दोनदा तांबे फेकले गेले! जेवण तेच, वाढणारी तीच.

लाटणं हातातच राहिलं.

"मेल्या," त्या पिठल्याला म्हणाल्या, "पोळीचं काही नव्हतंच रे त्यात. पंगतीचं होतं."

तशाच उठल्या आणि वर कोह आंटींकडे गेल्या. जन्मात पहिल्यांदा कोणाच्या दारी रिकाम्या हाताने. लाडू नाही, चिवडा नाही, काही नाही. हात कुठे ठेवावे तेच कळेना. दार उघडलं तसे त्यांनी दोन्ही तळवे पसरून दाखवले.

"सॉरी. नो फूड. वॉक. यू दॅट साइड, मी धिस साइड. नो लुक."

कोह आंटींनी तळव्यांकडे पाहिलं. "नो प्राटा?" त्यांनी संशयाने विचारलं. बाईंच्या पोळीला त्या प्राटाच म्हणत.

"नो प्राटा."

"प्रॉमिस आह?"

"देवाशप्पथ," बाई म्हणाल्या. ते मात्र कोह आंटींना बरोबर कळलं.

बुधवारी सकाळी दोघी पाण्याकडेच्या वाटेवर निघाल्या. पाण्याच्या अंगाला बोबो, इमारतींच्या अंगाला पिठल्या, मधे हिरवळीचा रुंद पट्टा. पिठल्या गुरगुरला, ओढला. कणीक मळून मळून कमावलेले बाईंचे हात, ते काय सुटतात! त्या नाकासमोर बघत चालत राहिल्या. पुलापर्यंत गुरगुर कमी झाली. गुरुवारी मधला पट्टा अर्धा झाला. बोबोने एका खांबाशी पाय वर केला, मागून पिठल्याने बराच वेळ वास घेऊन त्याच खांबाशी केला. कोह आंटी हसल्या. "नाऊ टॉकिंग, लाह!"

शुक्रवारी दोऱ्या धरून निघताना लिफ्टचं दार परत उघडलं. शाळेच्या गणवेशात इरा. ती आजीच्या दुसऱ्या बाजूने चालू लागली. आजीने तिच्याकडे बघितलं नाही. फार बघावंसं वाटत होतं, तरी नाही. बाकापर्यंत आल्यावर नात म्हणाली,

"आजी, लीश सैल सोड. तू टाइट धरलीस ना, तर त्याला वाटतं तू घाबरलीस."

आजीने दोरी सैल केली. पिठल्याची पाठ लगेच सैल झाली. आजीचीही झाली असावी.

रविवारी मिस लिम आल्या, तेव्हा वाट भरून पंगत चालली होती. कडेला कोह आंटी, मग बोबो नव्या पिवळ्या रिबिनीत, त्याला खांदा लावून पिठल्या, मग इरा, मग आजी. मागून अंकल ओंग आले आणि न विचारताच श्नाउझरला घेऊन रांगेत शिरले. पिठल्याने दाढीचा वास घेतला, एकदा शिंकला आणि पुढे चालू लागला.

मिस लिमनी कोह आंटींना विचारलं. त्या बरंच काही भरभर बोलल्या. मग मिस लिम इराकडे वळून हसल्या. "ही कॅन स्टे."

इराने पिठल्याला मिठी मारली, मग आजीला, मग पुन्हा पिठल्याला.

कोह आंटींनी पिशवीतून पांदानच्या पानांच्या हिरव्यागार केकचा डबा काढला आणि एक मोठा तुकडा बाईंच्या तोंडाशी धरला. "ईट, ईट!"

"आंटी, नो फूड!" बाई ओरडल्या.

"डॉग नो फूड," कोह आंटी म्हणाल्या. "यू ईट."

दोघी बाकावर शेजारी शेजारी बसल्या, तोंडं पाण्याकडे. पिठल्याला त्याची ताटली घरी मिळाली, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, एकट्याला. तो खाऊन होईपर्यंत संजीवनीबाई त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.