लहरीचक्र आणि साखरेच्या डब्याचं झाकण

चाचणीच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. हिशेबनीस बाई खुर्चीवर चढल्या होत्या, विक्रीवाले एकमेकांच्या खांद्यांवरून माना ताणत होते आणि पहारेकरी फाटक वाऱ्यावर सोडून आत आला होता. घरी बसून काम करायची पद्धत तेव्हा आली नव्हती. काही नवल घडलं की सगळी कचेरी एका खोलीत गोळा व्हायची. त्या दिवशीचं नवल होतं ऊर्जागुरू.

गुरूने आपलं 'लहरीचक्र', म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं, संगणकावर ठेवलं आणि डोळे मिटले.

"यंत्रालाही मन असतं. मन मोकळं झालं की लहरी वाहतात. वाहा, लहरींनो! ... हं, घ्या आता चाचणी."

पडद्यावरचा वेगाचा आकडा टुणकन उडाला. मघाच्या चाचणीच्या जवळजवळ दुप्पट!

"अगं बाई!" हिशेबनीस बाई पडता पडता वाचल्या. "गुरुजी, माझ्या गुडघ्यालाही लावा हो ते!"

मालकांनी तर हातच जोडले. फक्त त्यांच्या वहिनी हाताची घडी घालून उभ्या होत्या. कंपनी काढली ती या वहिनींच्या यजमानांनी आणि धाकट्या दिराने मिळून. यजमान गेल्यावर दीर मालक झाले, चाचणी विभाग वहिनींकडेच राहिला, आणि सगळी कचेरी त्यांना वहिनीच म्हणू लागली.

कंपनी बनवायची तो स्विच हाताला लागणारा नव्हता. एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक छोटे संगणक नांदतात. त्यांच्या निरोपांची पॅकेटं इकडून तिकडे पोचवणारी ती आज्ञावली. एकही पॅकेट न हरवता ती किती वेगाने काम करते, हे वहिनी मोजायच्या. हा स्विच रुग्णवाहिका बोलावण्याच्या केंद्रात बसणार होता, आणि वहिनींच्या सहीशिवाय तो दाराबाहेर पडत नव्हता.

"वहिनी, करा सही," मालक म्हणाले. "चक्रासकट पाठवून देऊ."

"चक्र नसतं, तर पाठवला असता का भाऊजी?"

"त्या पहिल्या आकड्यावर? छे!"

"म्हणजे माझी सही तारेच्या वेटोळ्यावर हवी आहे."

"अहो, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं!"

"आकडा वाढलेला पाहिला. कशाने वाढला, ते कुणी पाहिलं?"

वहिनींना एक गोष्ट टोचत होती. पहिल्या चाचणीआधी गुरूने 'मरगळ झटकायला' म्हणून स्विच बंद करून पुन्हा सुरू करायला लावला होता. चक्र ठेवल्यावर मात्र कुणाला हात लावू दिला नव्हता. आणि त्यांच्या चाचणीच्या नियमांत पॅकेटं केवढी, कोणत्या पत्त्यांची, किती वेळ सोडायची, सगळं होतं. स्विच नुकता सुरू केलेला असावा की आधी चालवलेला, हे नेमकं राहून गेलं होतं.

"गुरुजी, चक्र राहू दे जागेवर. मी स्विच बंद करून सुरू करते आणि तीच चाचणी घेते."

"बाई, लहरी तुटतील!"

"मग जोडा पुन्हा. डोळेच तर मिटायचेत."

खोलीत खसखस पिकली. एवढ्या माणसांपुढे गुरूला नाही म्हणता येईना. वहिनींनी स्विच नव्याने सुरू केला, गुरूने डोळे मिटले, लहरींना हाका मारल्या. आकडा आला तो पहिल्याइतकाच मरतुकडा.

"खोलीत शंकेखोर माणूस असलं की असं होतं," गुरू गुरगुरला.

"तर मग मी बाहेर जाते," म्हणत वहिनी खरंच गेल्या, आणि स्वयंपाकखोलीतून साखरेच्या डब्याचं झाकण घेऊन आल्या. चक्र उचलून त्यांनी गुरूच्या हातात दिलं आणि त्या जागी झाकण ठेवलं.

"वाहा गं साखरे!" त्या म्हणाल्या. "घ्या चाचणी."

आकडा पुन्हा टुणकन वर!

"झाकणगुरूंचा विजय असो!" विक्रीवाले ओरडले.

"साखरेतही लहरी असतील हं," हिशेबनीस बाई पुटपुटल्या. मग वहिनींनी झाकणही काढलं. रिकाम्या संगणकावरही आकडा तस्साच वर राहिला.

"हा स्विच म्हणजे नवा पोस्टमन," वहिनी म्हणाल्या. "पहिल्या दिवशी दारोदारी पत्ते विचारत फिरतो. दुसऱ्या दिवशी वाट ठाऊक असते, तरातरा जातो. स्विच नव्याने सुरू केला की प्रत्येक नव्या पत्त्यासाठी नियमांची अख्खी यादी चाळतो आणि सापडलेलं उत्तर लक्षात ठेवतो. पुन्हा तीच पॅकेटं आली की चाळायचं कामच नाही. दुसरी चाचणी वेगवान निघणारच! गुरुजींना हे पक्कं माहीत आहे. म्हणून बंद-चालू करायचं ते पहिलीच्या आधी, दुसरीच्या आधी कधीच नाही. काय गुरुजी?"

गुरूला एकाएकी दुसरीकडे जायची आठवण झाली. "थांबा, फाटक उघडून देतो," म्हणत पहारेकरी पुढे धावला.

खोली रिकामी झाली तरी मालक आकड्याकडेच बघत होते.

"वहिनी, हा वरचा आकडा खोटा तर नाही ना? मग हाच पाठवू."

"खोटा नाही, पण अर्धंच खरं सांगतो. भाऊजी, केंद्रातली वीज जाऊन येईल, स्विच नव्याने सुरू होईल, आणि तेवढ्यात कुणाचे तरी वडील छातीला हात लावून खाली बसतील. त्यांचा निरोप त्या पत्ते विचारणाऱ्या पोस्टमनच्या हाती पडेल. त्यांना काय सांगायचं, दुसऱ्यांदा फोन करा?"

 मालकांनी केंद्राला फोन लावला आणि सांगितलं, माल उशिरा येईल. वहिनींनी नियम दुरुस्त केले: चाचणी दोनदा, एकदा नुकत्याच सुरू केलेल्या स्विचवर आणि एकदा चालून सरावलेल्यावर, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे. मग स्विच सुधारला, आणि नुकत्याच सुरू केलेल्याचा आकडाही केंद्राला पुरेल एवढा झाला, तेव्हाच त्यांनी सही केली.

नवल वाटलं तर खुशाल वाटू द्यावं. त्यात लाज कसली? पण हात जोडण्याआधी एकच गोष्ट बदलून तेच पुन्हा करून पाहावं. त्या खोलीत वहिनींआधी तेवढंच कुणी केलं नव्हतं. जे खरं असतं ते पुन्हा करून पाहिल्याने बिघडत नाही, आणि गुरू निघून गेला तरी जागचं हलत नाही.