सहभागी क्रमांक एक

मोनिकाचे वडील धुळाप्पा आपली मेंढरं कधी मोजत नसत. मोजलं की नजर लागते म्हणायचे. सांजेला कळप परतला की नुसतं तोंडांकडं बघून सांगायचे, "बांडी आली न्हाय."

तोंडावरून ओळखायची हीच नजर मोनिकानं मानसशास्त्राच्या एम.ए.च्या संशोधनाला घेतली. ईट गावाच्या आसपासचे बारा मेंढपाळ अन् कॉलेजातली बारा मुलं. वीस अनोळखी मेंढ्यांचे फोटो दाखवायचे, एक काढायचा अन् विचारायचं, कोणती गेली? असं दहा वेळा.

मेंढपाळ जिंकले. बाराच्या बारा जणांना दहापैकी दहा! मार्गदर्शक शिवांजली मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या. "माणसाचं इतकं चोख काही नसतं गं. चाचणी कशी झाली, ते अहवालाच्या 'पद्धती' या भागात जसंच्या तसं लिही."

घरी विचारलं, तर धुळाप्पांची छाती फुगली. "म्या पैला बसलो व्हतो न्हवं? गेलेल्या समद्या ध्यानात ठिवल्या अन् पारावर सांगून टाकल्या. लेकीची परीक्षा हाय, कुणी कमी पडायचं न्हाय म्हटलं!"

मोनिकाला हसावं की रडावं कळेना. अहवाल सोमवारी द्यायचा होता. गप्प बसली असती तर मार्क पदरात पडले असते. पण खोट्या उत्तरांनी बापाची खरी नजर कशी सिद्ध होणार? ती म्हणाली, "अण्णा, सगळं बाद झालं."

धुळाप्पांचा चेहरा खर्रकन उतरला. ते उठले, देव्हाऱ्यातला भंडारा घेतला अन् एकेका मेंढपाळाच्या तळहातावर ठेवत गेले. "बिरोबाची आण. आता नवे फोटू. कुणी कुणाला सांगायचं न्हाय."

भंडारा उचलल्यावर विषयच संपला. शनिवारी पुन्हा चाचणी झाली. मेंढपाळांची सरासरी सात, मुलांची चार. धुळाप्पांना नऊ.

रविवारी मोनिकानं 'पद्धती'तलं वाक्य वाचून दाखवलं. 'सहभागी क्रमांक एकने इतरांना उत्तरे सांगितल्यामुळे पहिली फेरी वगळली आहे.'

"माजं नाव लिवलंस व्हय त्यात?"

"न्हाय अण्णा. भाग घेणाऱ्यांची नावं लिहायची नसतात. नुसता क्रमांक."

"बरं झालं," ते म्हणाले, पण मान खालीच होती. त्या खालच्या मानेनं तिचा जीव तुटला. तिनं अहवालाचं पहिलं पान काढलं अन् वाचलं, 'माणूस कसा बघतो हे मला पहिल्यांदा ज्यांनी दाखवलं, ते माझे वडील धुळाप्पा यांची मी ऋणी आहे.'

धुळाप्पांनी आपल्या नावावरून हळूच बोट फिरवलं. नुकतीच पूजा झाली होती, भंडाऱ्याचा पिवळा डाग कागदावर उमटला. ते ओशाळले. "खराब झालं गं. दुसरं काढ."

मोनिकानं दुसरं काढलं नाही. सोमवारी तेच पान दिलं.