नऊ नंबर वॉर्डाचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. रिक्षाच्या टपावर बांधतात तसला, धोत्र्याच्या फुलासारख्या तोंडाचा, ॲल्युमिनियमचा. माझ्या कडेला दोन पोचे आहेत आणि मानेचा स्क्रू केव्हाच गंजला आहे. तरी आजही गल्लीत कुणी मोठ्याने बोललं की माझा पत्रा थरथरतो. स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं एवढंच आठवतं, की पत्र्याची एक गोल चकती साच्यावर गरगर फिरत होती आणि एक माणूस लांब दांड्याने ती दाबत होता. फिरता फिरता मी घडलो आणि पुढचं आयुष्यही फिरण्यातच गेलं. नांदेडच्या दुकानातून अमृतरावांनी मला विकत घेतलं. एस.टी.च्या टपावर टाकायला त्यांचं मन धजलं नाही. त्यांनी मला मांडीवर धरून गावी आणलं.

आमचं गाव हिंगोली भागातलं, नगरपालिका असलेलं. तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होतं. त्यातला नऊ नंबर वॉर्ड म्हणजे एका नाल्याचे दोन काठ. अलीकडे बाजारगल्ली, तिथली दुकानं आणि माड्या. पलीकडे आमची वस्ती. बौद्ध कुटुंबांची घरं आणि त्यांना लागून शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांची खोपटं. मधे पूल नव्हता. अमृतराव रिक्षा अलीकडच्या काठावर लावत, मला खांद्यावर घेत आणि दगडांवरून उड्या मारत घरी नेत. त्यांच्या पत्नी पद्माबाई मला ओल्या फडक्याने पुसून खुंटीला टांगत. लग्नं, जयंती, दसऱ्याचं प्रदर्शन, हरवलेल्या मुलाची दवंडी, सगळ्यांना मी लागायचो. अमृतरावांचा आवाज खणखणीत होता. लोक म्हणायचे, अमृतरावांचा भोंगा बोलला म्हणजे खरंच असणार. ते ऐकून माझी छाती फुगायची.

एक्क्याण्णव साली निवडणूक लागली. बाजारगल्लीतले भावसिंग उभे राहिले, निशाणी छत्री. मी त्यांच्यासाठी दिवसभर फिरलो. "नाल्यावर पूल, छत्रीला मत," हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं, की वस्तीतली लेकरं झोपेतही तेच म्हणायची. भावसिंग निवडून आले. पावसाळा आला, दुसरा आला. पूल काही आला नाही. अमृतराव मला खांद्यावर घेऊन नाला ओलांडू लागले की पोरं मागून ओरडायची, "ए भोंग्या, पूल कुठंय?" तेव्हापासून खुंटीवरसुद्धा मला चैन पडेनासं झालं.

एका श्रावणात नाला भरून वाहत होता. मेंढ्या राखणाऱ्या सुभद्राबाईंची सून दिपाली बाळंत व्हायची होती आणि अडली होती. दवाखाना अलीकडे. चौघांनी तिला बाजेवर घेतलं आणि पाण्यात उतरले. पद्माबाई बाजेचा एक खूर धरून छातीभर पाण्यात चालत होत्या. मधोमध बाज कलंडली. सुभद्राबाईंनी सुनेला काखेत धरून कसंबसं काठाला ओढलं. लेकरू तिथेच चिखलात जन्मलं. दोघं वाचली, पण दिपाली महिनाभर तापाने फणफणत होती.

पद्माबाई भावसिंगांच्या दारात गेल्या. ते म्हणाले, "पुढच्या बारीला बघू, बाई. वरून मंजुरी न्हाई."

"मंजुरी तुमी मागितली का?" पद्माबाईंनी विचारलं. ते आत निघून गेले.

पुढची निवडणूक शहाण्णव सालची. चिठ्ठ्या टाकून वॉर्ड ठरले आणि नऊ नंबर बायकांसाठी राखीव निघाला. भावसिंगांनी आपल्या पत्नीला, रुक्माबाईंना उभं केलं. पोस्टरवर रुक्माबाईंचं नाव बारीक होतं आणि भावसिंगांचा फोटो मोठा. रुक्माबाई स्वतः कुठे दिसल्याच नाहीत. अमृतरावांनी नेहमीप्रमाणे त्यांच्या प्रचाराची सुपारी घेतली, म्हणजे काम करतो असा शब्द दिला. आणि चार दिवसांनी वस्तीने एकमताने पद्माबाईंचं नाव पुढे केलं. निशाणी मिळाली शिलाई मशीन.

त्या संध्याकाळी अमृतराव उंबऱ्यात बसून राहिले.

"तोंड पाडून काहून बसलाव?" पद्माबाईंनी विचारलं.

"सुपारी घेतलीया. आता काय करू? त्यांचा परचार करू का तुझा?"

"त्यांचा करा."

"आन तू?"

"मला पाय हायेत, तोंड हाय. दिलेला शब्द मोडू नका. शब्द मोडणाऱ्याच्या इरोधातच तर मी उबी हाय."

मित्रांनो, असा प्रचार मी पुन्हा कधी पाहिला नाही. नवरा रिक्षातून छत्रीला मत मागत होता आणि बायको चार बायका घेऊन पायी शिलाई मशीनला मत मागत होती. बाजारगल्लीच्या चौकात एकदा दोघं समोरासमोर आली. अमृतरावांनी मला बंद केलं. पद्माबाई थांबून म्हणाल्या, "चालू ठेवा की. मी आपली मोठ्यानं बोलते." दुकानदार हसले. पण त्यातल्या दोघा-तिघांनी दुकानातून खाली उतरून त्यांचं बोलणं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी आणखी काही जण उतरले. भावसिंगांच्या घरात कुजबुज सुरू झाली.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी दुपारी भावसिंगांचा भाऊ धनसिंग रिक्षात येऊन बसला. हलक्या आवाजात म्हणाला, "आज येगळं बोलायचं. पद्माबाईनं माघार घेतली, रुक्माबाईला पाठिंबा दिला. येवढंच बोला. बाकी आमी बघतो."

अमृतरावांनी रिक्षा थांबवली. "हे खोटं हाय."

"तुमच्या तोंडून खरं वाटंल. तुमी तिचे मालक हाव."

"मी न्हाई बोलणार."

"सुपारी घेतलीया का न्हाई?"

अमृतरावांनी इंजिन बंद केलं. मग उतरले आणि माईक सीटवर ठेवला. "संध्याकाळपर्यंत रिक्षा तुमची, भोंगा बी तुमचा. शब्द दिलाय म्हणून. पन आवाज माझा हाय. तो मी घेऊन चाललो."

ते चालू लागले. धनसिंगने रिक्षा सुरू केली, माईक तोंडाशी धरला आणि आवाज शक्य तितका जाड केला. आणि मित्रांनो, माझ्या तोंडातून ते वाक्य बाहेर पडलं. पद्माबाईंनी माघार घेतली. पद्माबाईंचा रुक्माबाईंना पाठिंबा. मी खरखरलो. वायर सुटावी, बॅटरी बसावी असं वाटत होतं. पण बॅटरी नवी होती. बाजारगल्लीचा एकही बोळ सुटला नाही. माणसं दारात येऊन ऐकत होती. आवाज कुणाचा आहे हे त्यांनी पाहिलं नाही. भोंगा अमृतरावांचा आहे एवढंच पाहिलं.

पद्माबाई तेव्हा पलीकडे वस्तीत होत्या. मागच्या बोळांतून अमृतराव धावत होते. हातात माईक नाही, काही नाही. "माझी बायको उबी हाय, माघार घेतली न्हाई," असं घसा ताणून सांगत होते. मी पुढे, ते मागे. मी एका वाक्यात सारी गल्ली व्यापत होतो आणि ते एका वेळी एक दार गाठत होते. प्रचाराची वेळ संपेपर्यंत त्यांचा घसा पार बसला.

पलीकडच्या वस्तीत ते खोटं पोहोचलंच नाही, कारण रिक्षा नाल्यापलीकडे जाऊ शकत नव्हती आणि धनसिंगने ती काठाजवळ नेलीच नाही. वस्तीने शिलाई मशीनवर शिक्के मारले. बाजारगल्लीतल्या कित्येकांनी, पद्माबाई आता उभ्याच नाहीत असं समजून, छत्रीवर मारले. पद्माबाई थोडक्यात पडल्या.

त्या घरी आल्या. अमृतराव खाली मान घालून बसले होते. त्या त्यांच्याजवळ बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमी आवाज घेऊन उतरलाव, ते बराबर केलं. पन भोंगा बी काढून न्यायचा होता. खोटं बोलणाऱ्याला दिलेला शब्द कशाला पाळायचा?"

मी खुंटीवरून सारं पाहत होतो.

काही दिवसांनी सकाळी दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावर पदर, पाय चिखलाने भरलेले. रुक्माबाई होत्या. एकट्याच आल्या होत्या.

"माझ्या नावानं खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "मला मागून कळलं. म्हणून आले."

पद्माबाईंनी त्यांना पाणी दिलं. "आता निवडून आलाव. काय करताव?"

"घरचे म्हणतात, कागद आला की सही कर. सही माझीच लागती म्हणं."

"मग सही करायच्या आदी आमच्यासंगं चला."

पद्माबाईंनी त्यांना नाल्याच्या त्या जागेवर नेलं. सुभद्राबाईंनी नातवाला कडेवर घेऊन बाज कुठे कलंडली ते दाखवलं. अमृतराव कामावर निघाले होते, म्हणून मीही त्यांच्या खांद्यावर होतो. रुक्माबाईंनी वाकून पाण्याकडे पाहिलं. "मला वाटलं व्हतं पूल झालाय," त्या म्हणाल्या. "घरात तसंच बोलायचे."

त्यानंतर भावसिंगांच्या घरात काय झालं ते मला ठाऊक नाही. पण पुलाचा कागद आधी आणा, मग बाकीच्यांवर सही करते, असं रुक्माबाईंनी धरून ठेवलं, हे सगळ्या गावाने ऐकलं. तिसऱ्या उन्हाळ्यात नाल्यावर पूल झाला. अमृतरावांची रिक्षा पहिल्यांदा आमच्या दारापर्यंत आली.

पण मला सुख लाभलं नाही. भोंगा खोटं बोलतो, अशी माझी ख्याती झाली होती. हिंगोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी गावभर आनंदाची बातमी देत फिरलो, तर लोक म्हणाले, "पेपरात आलंय का ते बघा आदी." लग्नाची कामंही कमी झाली. अमृतरावांचा घसा प्रचाराच्या त्या शेवटच्या दिवसापासून कधी पूर्ण सुटलाच नाही.

दोन हजार एक साली वॉर्डाची हद्द थोडी बदलली, राखीव जागाही गेली. भावसिंगांनी रुक्माबाईंना घरी बसवलं आणि स्वतः उभे राहिले. पद्माबाई पुन्हा उभ्या राहिल्या, आता खुल्या जागेवर, निशाणी तीच शिलाई मशीन. अमृतरावांनी मला खुंटीवरून काढलं, तोंड चकचकीत पुसलं. "औंदा तुझ्यासाठी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"नको," पद्माबाई म्हणाल्या. "याच्यावर कुणाचा इश्वास न्हाई. मी पायीच जाते."

त्यांनी मला परत टांगलं. तो महिना मी कसा काढला ते माझं मलाच माहीत. दुसऱ्या भोंग्यांचे आवाज यायचे. मी वाऱ्याने हलायचो आणि भिंतीवर आपटायचो. दुसरा पोचा तेव्हाचाच. बाजारगल्लीच्या दारोदारी पद्माबाई फिरल्या. मतदानाच्या दिवशी रुक्माबाई उघडपणे म्हणाल्या, "माझं मत शिलाई मशीनला." पद्माबाई निवडून आल्या, आणि मी त्यांच्यासाठी एक शब्दही बोललो नव्हतो.

वर्ष होत आलं. एका रविवारी त्या म्हणाल्या, "भोंगा काढा."

अमृतराव चकित झाले. "इश्वास न्हाई म्हणली व्हतीस."

"मत मागायला नको व्हता. आता सांगायचंय, नगरपालिकेत काय चाललंय ते."

मला पुलाच्या कठड्याला बांधलं. दोन्ही काठांचे लोक जमले. काही जण हात बांधून लांब उभे होते. पद्माबाईंनी बैठकीत काय झालं, काय अडलं, ते सांगितलं. मग त्यांनी माईक पुढे केला. "आता तुमी बोला."

माझ्यातून नुसती खरखर येत होती. मग सुभद्राबाई पुढे झाल्या. त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला.

"पद्मा," त्या म्हणाल्या आणि आपलाच आवाज एवढा मोठा ऐकून दचकल्या. "पद्मा, समशानात दिवा लावते म्हणली व्हतीस. वरीस झालं. काय झालं त्याचं?"

माझा पत्रा शहारला. इतकी वर्षं मी आश्वासनं ओरडलो, जयजयकार ओरडलो, एकदा खोटंही ओरडलो. प्रश्न माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता.

लोक पद्माबाईंकडे पाहत होते. त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि माईक घेतला. "मावशी, ठराव झाला. पन मी त्याच्या मागं लागले न्हाई. माझी चूक झाली. पुढच्या बैठकीत इचारते."

"आन मग?"

"मग हितंच येऊन सांगते."

लांब उभे असलेले लोक चार पावलं जवळ आले. कुणीतरी म्हणालं, "बाई, माईक इकडं बी द्या."

मित्रांनो, आता स्पीकरची मोठमोठी खोकी आली आहेत आणि मला फारसं कुणी विचारत नाही. तरी वॉर्डात निवडणूक लागली की माझा जीव अजून खालीवर होतो. तुमच्या घरात, शाळेत, देवळात किंवा विहारात माझ्यासारखा कुणी पडला असेल, तर त्याला फेकू नका. पुसा, कोरडं ठेवा, आणि एकाच माणसाच्या हातात फार दिवस राहू देऊ नका.